बाकीचे गाव

रामटेकास राहणाऱ्या माणसाने आषाढ लागला की पाहुण्यांची तयारी ठेवावी. गडावर ढग उतरतो, आणि ज्यांनी मेघदूत कधी उघडले नाही असेही पुष्कळ लोक त्या ढगाच्या दर्शनास नागपुराहून येतात. आम्ही त्यांना अंबाळ्याच्या पायऱ्या दाखवितो, कालिदास स्मारक दाखवितो, आणि परतताना एक चावट प्रश्न विचारतो: यक्षाला येथे पाठविले ते कशासाठी? विरह सर्वांस ठाऊक असतो, अपराध ठाऊक नसतो. यक्ष हा कुबेराच्या पदरचा नोकर. नेमून दिलेल्या कामात त्याने कुचराई केली, म्हणून एक वर्षाची हद्दपारी भोगण्यास तो रामगिरीवर आला. म्हणजे वाङ्मयात आढळणारा आमच्या गावचा हा जुना रहिवासी शिक्षेच्या बदलीवर आलेला एक कर्मचारी होय. (रामगिरी म्हणजे रामटेकच, असे वा. वि. मिराशी यांनी साधार प्रतिपादले. दुसरे पंडित दुसऱ्या डोंगरांची नावे घेतात. आमचा पक्ष कोणता हे सांगावयास नको.) त्या यक्षासाठी लोक शेकडो वर्षे हळहळत आले. त्याच्या कुचराईमुळे अलकेत कोणाचे काम खोळंबले, याची चौकशी कोणी केल्याचे मात्र आमच्या वाचनात नाही.

यंदा आषाढात नातवंडे चार दिवस राहावयास आली होती. पावसाने घर सोडू दिले नाही, तेव्हा संध्याकाळी सर्वांनी बसून चित्रपट पाहावयाचे ठरले. नातू गुन्हेकथांचा भोक्ता आहे. पहिल्या पाच मिनिटांत मुडदा पडला पाहिजे आणि तपास करणारा अधिकारी घरी कोणाशीही धड बोलणारा नसला पाहिजे, एवढ्या त्याच्या अटी. आम्हांस या कथांचा कंटाळा येतो. रक्ताचे आम्हांस वावडे आहे असे नाही. त्यांतील गुन्हेगार कधी आमच्या ओळखीचा निघत नाही, हे त्या कंटाळ्याचे कारण. आम्ही तसे बोलून दाखविताच निवड आमच्यावर सोपविण्यात आली, आणि आम्ही 'सामना' लावावयास सांगितले.

हा डॉ. जब्बार पटेल यांचा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. आम्ही तो विद्यार्थिदशेत नागपुरास पाहिला आणि निळू फुल्यांच्या थंड आवाजाची नक्कल करीत वसतिगृहापर्यंत चालत आलो. नक्कल साधली होती. चित्रपट समजला नव्हता, असे आता वाटते. कथा साधी आहे. साखर कारखान्याच्या जोरावर सारा मुलूख मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील, आणि त्याच्या गावी भटकत आलेला एक मद्यपी मास्तर. हिंदुराव त्याला हाकलून देत नाही. घरात ठेवून घेतो, खाऊ घालतो, पेला पुढे करतो. आणि मास्तर आपला विचारीत राहतो की या गावातल्या मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले. पिस्तुलाचा बार काढणारा नायक येथे नाही. धड पायांवर उभाही न राहणारा एक मनुष्य एकच प्रश्न धरून बसतो, आणि त्या प्रश्नाने हिंदुरावाचा वाडा हळूहळू हलू लागतो. शेवट आम्ही सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

पहिला अर्धा तास नातवाने चुळबूळ केली. मग तो गप्प झाला. चित्रपट संपल्यावर घरात थोडा वेळ पागोळ्यांचा आवाज तेवढा राहिला. आमची नात कायद्याच्या पहिल्या वर्गात शिकते. ती म्हणाली, "आजोबा, मास्तर तर बाहेरचा माणूस. गावातल्या प्रत्येकाला मारुती कांबळे माहीत होता. मग बाकीचे गाव काय करत होते?"

आम्ही म्हणालो, "घाबरले होते."

"सगळेच?"

"सगळेच."

"तुम्ही असता तर विचारलं असतं?"

रात्र फार झाली आहे, सकाळी पाऊस उघडला तर गडावर जावयाचे आहे, असे काहीसे पुटपुटून आम्ही दिवा मालविला. सौ.ने काळोखात आमच्याकडे पाहिले असावे असा आम्हांस भास झाला. तिचा त्या प्रश्नाशी काय संबंध होता ते पुढे येईल.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा आम्ही अंथरुणावर पडल्या पडल्या एक उद्योग केला. लाचेला मराठीत किती नावे आहेत ती मोजू लागलो. चिरीमिरी, चहापाणी, खुशाली, दस्तुरी, वरकमाई; हात ओले करणे, वजन ठेवणे, तोंड गोड करणे. चोरीला एवढी लाडकी नावे नाहीत. चहापाणी म्हणताच घेणारा पाहुणा होतो आणि देणारा यजमान. मग गुन्हा राहतो तो कोठे? हे शब्द घेणाऱ्यांनी बनविले असे लोक समजतात. आमच्या मते ते देणाऱ्यांनी बनविले, कारण घरी जाऊन बायकोमुलांस सांगावे लागते ते त्यांना.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. वडील वारल्यानंतर वारसांची नावे लावण्यासाठी आम्ही एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजविल्या. पहिल्या खेपेस साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या खेपेस एक दाखला कमी पडला. तिसऱ्या खेपेस तो दाखला जुना झाला होता. चवथ्या खेपेस कारकून अत्यंत सौजन्याने म्हणाला, "उद्या या." कोणी काही मागितले नाही, कोणी दरडावले नाही. पाचव्या खेपेस बाहेरच्या चहाच्या टपरीवर एका गृहस्थाने आमची विचारपूस केली आणि आकडा सांगितला. पाचशे रुपये आम्ही अर्जाच्या घडीत घालून दिले. काम तीन दिवसांत झाले. आणि खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे: नोंदीचा कागद हाती पडला तेव्हा आम्हांस राग आला नाही, हायसे वाटले, आणि त्या कारकुनाचे आम्ही मनापासून आभार मानले. वाटेत पेढेही घेतले.

सकाळी पाऊस उघडला. मुलांना घेऊन आम्ही गडावर गेलो. गडावरून खाली नगरधनाकडचा मुलूख दिसतो. तेच वाकाटकांचे नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिचा ऋद्धपूरचा ताम्रपट याच रामगिरीच्या स्वामींच्या पायांपाशी दिलेला आहे. पाहुण्यांना हे सांगितले की ते मान डोलावतात आणि छायाचित्र घेतात. परंतु वाकाटकांची दानपत्रे वाचताना आमचे लक्ष निराळीकडेच जाते. गाव दान देताना त्या गावास कोणत्या जाचातून मोकळे केले, याची त्यांत यादी असते. ती यादी मोठी बोलकी आहे. राजाच्या शिपायांनी या गावात शिरू नये. गावाची गुरे, फुले, दूध घेऊ नये. फिरतीवर आलेल्या माणसांसाठी चारा, बसावयास कातडे आणि शेकावयास कोळसा गावाकडून उकळू नये. वेठ घेऊ नये. आता, जे कोणी करीतच नव्हते ते करू नये असे तांब्यावर कोण कोरून ठेवील? दान मिळालेल्या गावाच्या सीमेपलीकडे दुसरे गाव असेल. त्याला ताम्रपट नव्हता. तेथे शिपाई येत असतील, कोळसा मागत असतील, आणि गावचा कोणी समजूतदार मनुष्य तो निमूटपणे काढून देत असेल. त्या मनुष्याशी आमचे काही नाते असावे असे आम्हांस वाटते.

कौटिल्याने अर्थशास्त्रात सरकारी धन खाण्याचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसे अधिकाऱ्याचे, असेही तो म्हणतो. पण त्याची सारी चिंता राजाच्या कोठाराची. अडलेल्या माणसाच्या बाजूने त्याच मुनशीगिरीकडे पाहणारा ग्रंथ मराठीस मिळावयास जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' यावा लागला. ते साल १८८३.

दर्शन घेऊन तीर्थ तळहातावर घेतले, तेव्हा आम्हांस सत्यजित राय यांचा 'गणशत्रु' आठवला, आणि नातवाला पायऱ्या उतरता उतरता त्याची हकीकत सांगितली. इब्सेनने १८८२ साली नॉर्वेतील एका लहान गावावर नाटक लिहिले. गावचे आरोग्यस्नानाचे पाणी दूषित आहे असे गावच्याच डॉक्टराला आढळते. ते बंद ठेवावे तर गावाची मिळकत बुडते. म्हणून सारे गाव मिळून डॉक्टरालाच लोकशत्रू ठरविते. रायांनी १९८९ साली ती कथा बंगालच्या एका देवस्थानाच्या गावी आणली. स्नानाच्या पाण्याच्या ठिकाणी देवळाचे चरणामृत आले. नगरपालिकेचा प्रमुख डॉक्टराचा धाकटा भाऊ, हे मुळातले नातेही त्यांनी राखले, फक्त धाकटेपण-थोरलेपण उलटे केले. देवस्थानाच्या गावी राहणाऱ्यास ही कथा जवळची वाटते. दुकाने, टांगे, धर्मशाळा, प्रसाद, फुले, त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा. यांवर ज्यांची चूल पेटते त्यांच्यापुढे सत्य घेऊन जाणे सोपे नसते, आणि ते सारेच दुष्ट असतात असेही नाही. इब्सेनचा डॉक्टर शेवटी एकटा राहतो व एकटेपणालाच बळ म्हणतो. रायांनी मात्र शेवटी बाहेरून तरुणांचा जयघोष ऐकविला आहे. आम्हांस तो जयघोष खरा वाटला नाही. वाटावा अशी इच्छा फार होती.

नातवाची शंका वेगळीच. "पण शेवटी पकडतात ना?"

आम्ही त्याला आपल्याच जिल्ह्यातील गोष्ट सांगितली. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचा पैसा सरकारी रोख्यांच्या व्यवहारात दलालांकडे गेला. रोखेही आले नाहीत, पैसाही परत आला नाही. रक्कम सव्वाशे कोटींच्या वर. प्रकरण उघडकीस आले २००२ साली. माजी अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली २०२३ च्या डिसेंबरात, आणि तीवर पुन्हा अपील झाले. मध्ये एकवीस वर्षे गेली. ज्या शेतकऱ्याने २००२ साली त्या बँकेच्या दारात पासबुक घेऊन उभे राहून पाहिले असेल, त्याचा मुलगा तेव्हा बिगरीत असला तर निकालाच्या दिवशी तो स्वतः बाप झाला असेल. नातू म्हणाला, "याचा सिनेमा नाही होणार." खरेच आहे. अडीच तासांत एकवीस वर्षांचे बसून राहणे कसे दाखवावे?

नात मागून येत होती. तिने मध्येच विचारले, "आजोबा, तुम्हांला माहीत आहे का, आता लाच देणाराही गुन्हेगार असतो?" तिच्या अभ्यासात भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा होता. कायदा १९८८ चा. त्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांस किंवा तपास यंत्रणेस कळविले पाहिजे, म्हणजे तो सुटतो. आम्ही पायरीवर थांबलो, आणि मनातल्या मनात पाचशे रुपयांची तारीख मोजली. प्रकरण २०१८ पूर्वीचे होते. सुटलो, असे वाटले; आणि असे वाटले याचेच वाईट वाटले.

सापळ्याची रीतही तिने नातवाला समजावून दिली, आणि तेथे तो रंगला. तक्रार आली की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आधी मागणीची पडताळणी करतो. मग दोन पंचांसमक्ष नोटांचे क्रमांक टिपून घेतात व त्यांवर फिनॉल्फ्थलीनची पांढरी पूड लावतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. घेणाऱ्याने नोटा हातात घेतल्या आणि इशारा झाला की त्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवितात, आणि ते पाणी गुलाबी होते. वर्तमानपत्रांत रंगेहाथ पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तो शब्द इतका अक्षरशः खरा असेल अशी नातवास कल्पना नव्हती. त्याने मोठ्या उत्साहाने विचारले, "आणि नोटा कोणाच्या?"

"तक्रारदाराच्याच," नात म्हणाली.

हे त्याला विशेष वाटले. आम्हांस वाटले नाही. नोटा तक्रारदाराच्या, नाव तक्रारदाराचे, आणि पुढे खटला उभा राहील तेव्हा पिंजऱ्यात उभे राहून आठवावे लागते तेही त्यालाच. विभागाचा १०६४ हा क्रमांक कार्यालयांच्या भिंतींवर रंगविलेला असतो. त्याच भिंतीला टेकून आम्ही पुष्कळ वेळ रांगेत उभे राहिलो आहो.

खाली येऊन अंबाळ्याच्या काठी बसलो, तेव्हा नातीने रात्रीचा प्रश्न पुन्हा काढला. सुटका नाही असे पाहून आम्ही गुरुजींची गोष्ट सांगितली. ती घरात कधी कोणी काढीत नाही.

साल २००९. नोकरीनिमित्त आम्ही तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहत होतो. गावाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. आमच्या गल्लीत चौदा घरे, आणि शेजारी निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांना सारे गुरुजीच म्हणत. गल्लीच्या तोंडाशी सिमेंटच्या रस्त्याचा फलक लागला, रस्ता झाला, आणि अर्ध्यावर थांबला. पावसाळ्यात उरलेल्या अर्ध्यातून आम्ही विटांवर पाय देत जात असू. सारी गल्ली म्हणे, पुढचा पैसा यावयाचा असेल. गुरुजींनी मात्र दहा रुपयांचा मुद्रांक लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला. हा कायदा २००५ च्या ऑक्टोबरात अंमलात आलेला. त्याआधी महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा होता, आणि त्यासाठी अण्णा हजारे यांना उपोषणे करावी लागली होती. माहिती का हवी हे अर्जदाराने सांगण्याचे कारण नाही, हे त्यातील कलम गुरुजींना फार आवडे. "शाळेत आम्ही पोरांना प्रश्न विचारण्याचं कारण विचारायचो," ते म्हणत, "चूक होती ती."

तीस दिवसांची मुदत टळली. पहिले अपील झाले. मग मोजमाप पुस्तिकेची नक्कल हाती आली, दोन रुपये पान या दराने. पुस्तिकेप्रमाणे रस्ता दोनशे दहा मीटर झाला होता, पूर्ण जाडीचा, आणि बिल अदा झाले होते. गुरुजींनी शाळेतील जुनी मोजपट्टी आणली आणि एका रविवारी सकाळी, सर्वांच्या देखत, रस्ता मोजला. पट्टीचे दुसरे टोक आम्ही धरले होते. एकशे बत्तीस मीटर भरले. पट्टी धरताना आम्हांस मौज वाटत होती, हे कबूल केले पाहिजे.

दिवाळीच्या सुमारास गुरुजींनी वरिष्ठांकडे देण्यासाठी एक तक्रार लिहिली. माहिती एकट्यास मागता येते. पण तक्रारीवर साऱ्या गल्लीच्या सह्या असल्या तर वजन पडेल असे त्यांचे म्हणणे. (वजन या शब्दाचा असा सरळ उपयोग आम्ही फार दिवसांनी ऐकला.) चौदा ओळी आखून ते घरोघर फिरले. आमच्याकडे पाडव्याच्या संध्याकाळी आले, फराळ केला, आणि कागद पुढे करून म्हणाले, "भाऊ, एवढी सही करून द्या." आम्ही म्हणालो, "गुरुजी, ठेवून जा. नीट वाचून उद्या देतो." वाचण्यासारखे त्यात काय होते? मजकूर आमच्यासमोरच लिहिला गेला होता. एका वाक्यातील व्याकरण तर आम्हीच सुधारले होते. उद्याचा परवा झाला. "उद्या या" हे दोन शब्द आम्ही कोणाकडून शिकलो होतो ते वाचकांस ठाऊकच आहे.

मग जानेवारी उजाडला. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी हे माहितीच्या अधिकारात जमिनींचे गैरव्यवहार उघडकीस आणणारे कार्यकर्ते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांच्याच गावात त्यांची हत्या झाली. त्यापूर्वी त्यांनी पोलिसांकडे संरक्षण मागितले होते. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि त्या विभागाने २०१४ साली प्रकरण बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला. पण ते पुढचे. त्या दिवशी आमच्या गल्लीत वर्तमानपत्र घरोघर वाचले गेले आणि कोणी त्यावर बोलले नाही. रात्री सौ. म्हणाली, "अहो, तो कागद कुठाय? सही करू नका. लेकीचं लग्न व्हायचंय." आम्ही म्हणालो, "मी कुठे करतो आहे?" आणि आमच्या भीतीला कारण मिळाले म्हणून आम्हांस बरे वाटले. तोपर्यंत ती नुसतीच भीती होती. पाडव्याला तळेगाव कोठे होते?

गुरुजींवर कोणी तलवार उपसली नाही. त्यांच्या घराच्या ओट्याचे अतिक्रमण निघाले. चौदा घरांचे ओटे रस्त्यात येत होते. नोटीस एकच आली. आमचा ओटा त्यांच्यापेक्षा वीतभर अधिकच पुढे होता. ज्या दिवशी माणसे त्यांचा ओटा फोडावयास आली, त्या दिवशी आम्ही दार लावून आत बसलो, आणि घणाचा आवाज ऐकत राहिलो. संध्याकाळी गुरुजी फुटक्या ओट्यावर खुर्ची टाकून नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वाचीत होते. आम्हांस पाहून त्यांनी हात जोडले. काही बोलले नाहीत. ते काही बोलले असते तर बरे झाले असते.

त्या तक्रारीवर शेवटी दोन सह्या झाल्या. एक त्यांची, आणि दुसरी कोपऱ्यावरील इस्त्रीवाल्याची. इस्त्रीवाल्याचे घर नव्हते, ठेला होता. गल्लीच्या चौदांत त्याची गणनाही नव्हती. त्याने तेराव्या की चौदाव्या ओळीवर, कोणाची जागा अडू नये अशा बेताने, सही केली. गुरुजींच्या दुसऱ्या अपिलाची सुनावणी होईतो ते मुलाकडे राहावयास निघून गेले होते. रस्त्याचा उरलेला तुकडा पुढे झाला, तो दुसऱ्या योजनेतून, दुसऱ्या बिलाने. गुरुजी वारल्याचे आम्हांस वर्षभराने कळले.

नात म्हणाली, "आणि तो कागद?"

कागद आमच्याकडेच होता. तक्रार त्यांनी नव्याने लिहून पाठविली. पाडव्याला ठेवून गेलेली प्रत त्यांनी परत मागितली नाही, आम्ही दिली नाही. घरी आल्यावर पेटी उघडून ती काढली. घड्यांवर फाटली आहे. नात उजेडात धरून वाचू लागली, आणि सातव्या ओळीपाशी थांबली. चौदाही ओळींपुढे गुरुजींनी घरवार नावे पेन्सिलीने लिहून ठेवली होती, शाळेच्या हजेरीपटावर असतात तशी, वळणदार. सातवे नाव आमचे. पुढची जागा कोरी.

नातवाने एवढ्यात त्या गल्लीचा नकाशा फोनवर शोधून काढला होता. उपग्रहाच्या चित्रावर त्याने बोटाने रेघ ओढली आणि आकडा वाचून दाखविला: दोनशे चार मीटर. ओटे कोठे दिसतात का, असे आम्ही विचारले. वरून ओटे दिसत नाहीत, सगळी पत्र्याचीच छपरे दिसतात, असे तो म्हणाला. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती म्हणाली, "ठेव रे तो फोन, पानं घेतली आहेत."

दुसऱ्या दिवशी मुले नागपुरास परत गेली. जाताना नातीने तो कागद आपल्या पुस्तकात घालून नेला. आमच्याकडे मागितला नाही, आणि आम्हीही काही बोललो नाही.